इंजिनियरच्या पदवीचें मोल

इंजिनियरच्या पदवीला खर्च किती येतो, असें कोणीं विचारलें म्हणजे आपण बहुधा फीचा आंकडा सांगून मोकळे होतों. परंतु विद्येचें मोल केवळ फींत मोजतां येत नाहीं. हाताशीं आलेला मुलगा जितकीं वर्षें शिकत राहतो, तितकीं वर्षें त्याच्या मिळकतीवांचून घर चालवावें लागतें. हा दुसरा खर्च कोणत्याहि वहींत लिहिला जात नाहीं. आणि गरीब घरच्या मुलाची वाट अडते ती बहुधा येथेंच. हा भार पूर्वीं कोणीं उचलला व त्याचें फळ काय मिळालें, हें पाहण्यास सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या विद्यार्थिदशेइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

विश्वेश्वरय्यांचे वडील त्यांच्या लहानपणींच वारले. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजांत असतांना शिकवण्या करून त्यांनीं आपला निर्वाह केला व १८८१ सालीं ते बी. ए. झाले. एवढ्यावर कोणत्याहि निर्धन तरुणानें नोकरीच धरली असती. म्हैसूर संस्थानांत इंजिनियरिंगचें कॉलेज नव्हतें. आणि परमुलखांत राहून आणखी शिकणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. म्हैसूर सरकारनें शिष्यवृत्ति दिली, म्हणूनच ते पुण्यास येऊं शकले. पुण्याच्या कॉलेजचा उगम १८५४ सालीं, सरकारी बांधकामखात्याला हाताखालचीं माणसें हवीं होतीं म्हणून काढलेल्या वर्गांत झाला होता. पुढें तें मुंबई विद्यापीठास जोडलें गेलें. तेथून १८८३ सालीं विश्वेश्वरय्या एल. सी. ई.च्या परीक्षेंत पहिले आले.

आतां मौज अशी कीं, पैसा खर्चला म्हैसूरनें आणि १८८४ सालीं त्यांना नोकरीस ठेवलें मुंबई सरकारनें! खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं बसविलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे पुण्याच्या उपयोगीं पडले. निव्वळ जमाखर्च पाहणाऱ्यानें ती शिष्यवृत्ति बुडीत खातींच टाकली असती. परंतु १९०९ सालीं विश्वेश्वरय्या म्हैसूरचे चीफ इंजिनियर झाले व १९१२ सालीं दिवाण झाले. कावेरीवरील कृष्णराजसागराचें काम त्यांच्या देखरेखीखालीं १९११ सालीं सुरू झालें. आणि त्यांच्याच दिवाणगिरींत, १९१७ सालीं, बंगलोरास इंजिनियरिंगचें कॉलेज निघालें. ज्या विद्येसाठीं त्यांना परमुलखीं जावें लागलें, ती पुढच्या मुलांना घरच्या दारीं मिळाली. परतफेडीस पंचवीसांवर वर्षें लागलीं खरीं, पण ती सव्याज झाली.

दुसरा मार्ग जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं घालून दिला. परदेशीं उच्च शिक्षणासाठीं जाणाऱ्यांस त्यांच्या निधींतून मिळे ती देणगी नव्हे, तर कर्ज. एकानें फेडलेल्या पैशावर दुसरा जाई. ही योजना विद्यार्थ्याच्या स्वाभिमानास साजेशी आहे, यांत शंका नाहीं. तथापि कर्जदार पदवीधराला आपली पहिली नजर पगाराकडेच ठेवावी लागते. आणि ज्या घराला या महिन्याचीच विवंचना आहे, तें पुढें मिळणाऱ्या पगाराच्या भरंवशावर कर्ज काढण्यास सहसा धजत नाहीं.

आज पदवीस चार वर्षें व तिच्या पुढच्या पदवीस बहुधा आणखी दोन, अशीं सहा वर्षें लागतात. इतका काळ मुलाच्या कमाईवांचून काढण्याची ज्या घराची ऐपत आहे, त्यानें कर्ज घ्यावें व तें फेडावें, हें योग्यच होय. पण ज्या घराची तशी ऐपत नाहीं, तेथील हुशार मुलाला केवळ फी माफ करून भागत नाहीं. त्याच्या निर्वाहाचाहि भार कोणीं तरी उचलावा लागतो. कर्जाच्या सोयी वाढल्या म्हणून शिष्यवृत्त्यांचा हात आंखडता घेणें, हें निदान या इतिहासावरून तरी शहाणपणाचें दिसत नाहीं.