पत्री सरकार आणि मुका बैल

वाळवें तालुक्याच्या बोलींत ‘पत्री’ हा शब्द मुळांत बैलाचा आहे. खडकाळ वाटेनें गाडी ओढतांना बैलाचे खूर झिजूं नयेत म्हणून त्यांस लोखंडी पत्र्या ठोकीत. बैलाला दोरानें पाडावयाचें, पाय बांधावयाचे आणि मग खुरांत खिळे मारावयाचे, अशी ती रीत. १९४३ नंतर हाच शब्द सातारा जिल्ह्यांत एका सरकारचें नांव होऊन बसला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उभ्या राहिलेल्या प्रति सरकारानें गांवगुंडांच्या आणि खबऱ्यांच्या तळपायांवर फटके मारण्याची शिक्षा रूढ केली. लोकांस त्यांत पत्र्या ठोकण्याचें साम्य दिसलें आणि प्रति सरकारचें ‘पत्री सरकार’ झालें. माणसाच्या न्यायाचा इतिहास असा एका मुक्या जनावराच्या वेदनेच्या भाषेंत सांगितला गेला.

त्या इतिहासाचा आरंभ इस्लामपुरानें जवळून पाहिला आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूज येथें आणि दुसऱ्याच दिवशीं इस्लामपूर येथें कचेरीवर निघालेल्या मोर्च्यांवर गोळीबार झाला. इस्लामपुरास किर्लोस्करवाडीचे पंड्या आणि त्यांच्याबरोबर बारपटे हुतात्मा झाले. अर्जविनंत्यांचा दरवाजा असा बंदुकीनें बंद झाल्यावर तरुण भूमिगत झाले. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजीं खानदेशांत चिमठाण्याजवळ सरकारी खजिना हस्तगत झाला. त्याबरोबरच गांवोगांवीं न्यायदान मंडळें बसलीं, दारूबंदी झाली आणि थोड्या खर्चांत लग्नें लागूं लागलीं.

हा धडा शिकविणाऱ्या शिक्षकापुढें दर वर्षीं एक अडचण उभी राहते. ऑगस्टच्या नवव्या तारखेस तो क्रांतिदिनाचें माहात्म्य सांगतो आणि त्याच सुमारास नागपंचमी येते. शेजारच्या बत्तीस शिराळ्यास पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नाग धरून, मडक्यांत ठेवून त्यांची पूजा व मिरवणूक होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें नाग धरणें गुन्हा ठरलें. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें आणि २०१४ पासून बंदीची कडक अंमलबजावणी सुरू झाली. २०२५ सालीं केंद्र सरकारनें एकवीस नाग धरण्यास परवानगी दिली, ती केवळ शिक्षणाच्या हेतूनें. खेळ आणि मिरवणूक यांस मनाई कायम राहिली. अशा वेळीं एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारणारच, “गुरुजी, तेव्हां कायदा मोडणारे वीर, तर आतां नाग धरणारे गुन्हेगार कसे?”

या प्रश्नास दटावून चालत नाहीं. कायदा मोडला कीं पाळला, एवढ्यावरून निवाडा होत नसतो. त्याची किंमत कोणीं मोजली, हें पाहावें लागतें. बेचाळीसचे तरुण कायदा मोडून तुरुंगाला आणि गोळीला स्वतः सामोरे गेले. नाग धरणाऱ्यानें कायदा मोडला, तर त्याची किंमत नाग देतो. शिराळकरांची श्रद्धा खोटी नव्हे. ज्यास इतरत्र दिसतांक्षणीं ठेचतात, त्यास तेथील स्त्रिया भाऊ मानून ओवाळीत आल्या. परंतु मडक्यांत कोंडलेल्या त्या भावाची इच्छा विचारण्याची सोय कोणापाशींही नव्हती.

हेंच माप पत्री सरकारलाही लावणें भाग आहे. फिर्याद ऐकणारा, निवाडा देणारा आणि फटके मारणारा जेथें एकाच गटांतला असतो, तेथें चुकीच्या तळपायावरही काठी पडण्याचें भय असतें. वीरांविषयीं आदर बाळगून हें भय सांगणें, हें इतिहासाच्या शिक्षकाचें कर्तव्यच होय.

जनावरांच्या कैवाराचा इतिहासही माणसांच्या मुक्तीच्या इतिहासाशीं जोडलेला आहे. १८२४ सालीं लंडनमध्यें प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठीं जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेला विल्बरफोर्स होता. पुढें १९७६ सालीं त्याच देशांत प्राणिमुक्तीची जहाल चळवळ उभी राहिली. प्रयोगशाळांतून जनावरें सोडविणें, मालमत्तेची नासधूस करणें, आगी लावणें, हे तिचे मार्ग. साताऱ्याच्या भूमिगतांशीं तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण भेद मोठा आहे. भूमिगतांना गांवानें भाकरी दिली, कारण शत्रू परका होता. बैलाच्या बाबतींत चाबूक आणि वैरण एकाच हातांत असतात, आणि तो हात बहुधा कर्जानें वांकलेल्या शेतकऱ्याचा असतो. त्याचें घर जाळून बैल सुखी होत नाहीं. तेथें कायदा हवा आणि समजूतही हवी.

कायदा आपल्याकडे सावकाश आला. १८९० च्या कायद्यानंतर, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांनीं १९६० चा व्यापक कायदा झाला. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं थांबविल्या, २०२१ सालीं महाराष्ट्रांत अटींवर सुरू होऊं दिल्या आणि २०२३ सालीं घटनापीठानें त्यासंबंधींची कायदेदुरुस्ती वैध ठरविली. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांस नियमांत मनाई आहे. परंतु धुरळ्यांत नियम पाहणारा डोळा गाडीवानाचाच असावा लागतो.

तो डोळा या मुलखांत नवा घडवावयाचा नाहीं. बेंदराच्या दिवशीं येथील शेतकरी बैलाला न्हाऊं घालतो, शिंगें रंगवितो, पुरणपोळी चारतो आणि त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमावांचून बैलाचा एका दिवसाचा हक्क त्यानें मान्य केलेला आहे. उरलेल्या दिवसांचा हिशेब मुलांनीं आपल्या घरच्या गोठ्यांत उभें राहून करावा, एवढें शाळेनें त्यांस शिकवावें.