शिवणयंत्रावरचा क्रमांक

जळगाव-धुळ्याकडील जुन्या घरांत आणि शिंप्यांच्या दुकानांत काळ्या रंगाची, सोनेरी वेलबुट्टीची सिंगर शिवणयंत्रे अजून पाहायला मिळतात. त्यांतली काही शंभरीला टेकली आहेत, तरी चालतात. सुई मोडली तर बाजारातली नवी सुई त्यांत बिनबोभाट बसते. या साध्या गोष्टीमागे एका प्रचंड कारखान्याचा इतिहास आहे.

आधी यंत्र कसे शिवते ते पाहू. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे अणकुचीदार टोकाजवळ. अशी सुई आणि दोन दोरे वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियास होवे याने १८४६ साली घेतले. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालच्या धोट्याचे टोक फासातून गेले पाहिजे. मिलिमीटरचे काही दशांश इकडेतिकडे झाले तरी टाका सुटतो.

आयझॅक सिंगर याने १८५१ पासून आपली यंत्रे विकायला सुरुवात केली. त्या काळी ओतलेले भाग कुशल कारागीर कानशीने घासून एकमेकांत बसवीत. त्यामुळे एका यंत्राचा भाग दुसऱ्याला बसत नसे. कोणता भाग कोणत्या यंत्राचा हे कळावे म्हणून भागांवर क्रमांक ठोकावे लागत. १८८० च्या सुमारास वर्षाला पाच लाख यंत्रे निघू लागली, तेव्हा कानशीवर भागणार नाही हे उघड झाले. अमेरिकेतील सरकारी बंदूक कारखान्यांत रुजलेली पद्धत हळूहळू येथेही आली. प्रत्येक भागासाठी खास यंत्र, आणि तो भाग तपासायला ठरावीक मापाचे गेज.

या वळणावरच, १८८२ ते १८८५ या काळात, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक येथे सिंगरने नवा कारखाना उभारला. त्याच्या मनोऱ्यावर चार तोंडांचे भव्य घड्याळ होते. कामगारांसाठी खास रेल्वे स्थानक होते. १९१३ साली या एका कारखान्यातून सुमारे १३ लाख यंत्रे बाहेर पडली.

या वेगाची किंमत कामगारांनी मोजली. १९११ च्या मार्चमध्ये लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या स्त्रियांच्या गटातील माणसे कमी करून उरलेल्या बाराजणींवर जादा काम लादले गेले. त्यांनी काम थांबवले आणि पाहता पाहता सुमारे ११ हजार कामगार बाहेर पडले. तीन आठवड्यांनी संप फसला. पुढे अनेक पुढाऱ्यांना कामावरून काढण्यात आले.

हिंदुस्थानात सिंगरचा प्रसार १८७५ पासून नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी केला. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली एका मुलाखतीत शिवणयंत्राला अपवाद मानले. मग ते बनवायला मोठा कारखाना लागेलच की, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारी नियंत्रणाखाली असावेत, असे त्यांचे उत्तर होते. घरातल्या कोपऱ्यात मावणारे यंत्र आणि हजारोंचा कारखाना ही जोडी तोडता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

क्लाइडबँकचा घड्याळाचा मनोरा १९६३ साली पाडला गेला. १९८० साली कारखाना बंद झाला. स्थानकाचे नाव मात्र आजही ‘सिंगर’ आहे, आणि गावच्या संग्रहालयाने शिवणयंत्रांचा मोठा संग्रह जपला आहे. आमच्या खानदेशात जळगावची खानदेश मिल आणि १९०६ ची अमळनेरची प्रताप मिल बंद पडल्या. एकदा साचे भंगारात गेले की ते कसे चालत आणि ते चालवणारे हात काय जाणत होते, हे सांगणारे फारसे काही उरत नाही. घरातल्या शिवणयंत्राच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही.

शिक्षकांना आम्ही एक उपक्रम सुचवतो. जुन्या सिंगरच्या बैठकीवर उजवीकडे क्रमांक कोरलेला असतो. १९०० नंतरच्या यंत्रांवर त्याआधी रोमन अक्षर असते. ‘एफ’ किंवा ‘वाय’ असेल तर यंत्र क्लाइडबँकचे, ‘जी’ असेल तर अमेरिकेतील एलिझाबेथचे. १९३५ पासून क्लाइडबँकच्या यंत्रांवर ‘ई’ने सुरू होणारी दोन अक्षरे येतात. कारखान्याच्या नोंदींवरून तयार झालेल्या याद्यांत क्रमांकावरून वर्षही कळते. मुलांनी क्रमांक उतरवून घ्यावा, आणि यंत्र कोणी, कधी, कसे घेतले, त्यावर कोणाचा संसार चालला, हे आजीला किंवा शिंपीकाकांना विचारून वहीत लिहावे.

सोबत एक मोजमापही करता येईल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण एकाच प्रकारच्या घरगुती सुया आणा. सुईच्या वरच्या जाड भागाची एक बाजू चपटी असते. तो भाग शाळेतल्या वर्नियर कॅलिपरने मोजा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. एवढी मापे का जुळतात, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.