ऑगर छिद्रण

ऑगर छिद्रण ही रस्ता, लोहमार्ग किंवा कालवा न खोदता त्याखालून पोलादी केसिंग पाइप, म्हणजेच आवरण-नळी, आडवी बसवण्याची खंदकविरहित पद्धत आहे. आवरण-नळीतून पाणी, सांडपाणी किंवा वायू वाहून नेणारी मुख्य वाहिनी नेली जाते. वाहिनी फुटली तरी गळती मार्गाखालच्या भरावात न मुरता नळीच्या टोकांकडे येते. दुरुस्तीसाठीही मार्ग उखडावा लागत नाही.

कार्यपद्धती

मार्गाच्या एका बाजूस यंत्राचा व दुसऱ्या बाजूस बाहेर पडण्याचा खड्डा घेतात. यंत्राच्या खड्ड्यात अचूक रेषेत व उतारावर रूळ मांडून त्यांवर यंत्र ठेवतात. जॅक नळीला पुढे ढकलतात. त्याच वेळी नळीच्या आत फिरणारा मळसूत्राकार ऑगर माती कापून मागे आणतो. एक तुकडा आत गेला की पुढचा त्याला वितळजोड देऊन जोडतात. भुसभुशीत मातीत कापणारे टोक नळीच्या पुढे गेल्यास वर पोकळी निर्माण होते आणि रस्ता किंवा रूळ खचण्याचा धोका असतो. त्यामुळे पृष्ठभागाची पातळी सतत मोजली जाते.

इतर पद्धती

नळी ढकलण्याचे तंत्र अमेरिकेतील नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने १८९६च्या सुमारास वापरले. पाइप रॅमिंगमध्ये हवेच्या दाबावरील हातोड्याने उघड्या तोंडाची नळी ठोकतात व आतील माती नंतर काढतात. ही पद्धत गोट्यांच्या जमिनीत उपयुक्त आहे, परंतु तिच्यात दिशा बदलता येत नाही. १९७०च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेले सूक्ष्म बोगदा तंत्र दूरनियंत्रित असून भूजलपातळीखालीही चालते. दिशानियंत्रित आडव्या छिद्रणात वाहिनी ओढून घेतली जाते. हे तंत्र १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पाहारो नदीखाली प्रथम वापरले गेले.

मराठवाड्यातील भूस्तर

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुका गोदावरी खोऱ्यात आहे. या परिसरात काळी चिकण माती, तिच्याखाली मुरूम व मांजऱ्या आणि त्याखाली दख्खनचा बेसाल्ट असा क्रम सामान्यतः आढळतो. काळी माती ओली झाल्यावर फुगते, ऑगरच्या पात्यांना चिकटते आणि नळीला बाहेरून आवळते. परिणामी अधिक रेटा लागतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अखंड बेसाल्टमध्ये साधा ऑगर चालत नाही. खडक कापणारे टोक किंवा हातोडा-छिद्रण लागते.

अर्धी माती व अर्धा खडक एकाच वेळी समोर आल्यास टोक मऊ बाजूकडे वळते. ऑगरला दिशा देण्याची क्षमता मर्यादित असल्याने चुकलेली रेषा पुढे सुधारणे कठीण जाते. म्हणून खोली व पद्धत ठरवण्यापूर्वी मार्गाच्या दोन्ही बाजूंस चाचणी-छिद्रे घेऊन खडकाची पातळी पाहणे आवश्यक ठरते.

काम पूर्ण करणे

ऑगर काढल्यावर मुख्य वाहिनी आधारकड्यांवर सरकवून टोके बंद करतात. आवरण-नळीबाहेर पोकळी राहिली असल्यास तिच्यात सिमेंटचा घोळ दाबाने भरतात.