अकलूजची सेत्ते

अकलूज म्हटलं की ऊस आणि साखर कारखाना आठवतो. पण त्याच माळशिरस तालुक्यात, मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या माळांवर, काळ्या द्राक्षाचा एक परमुलखी वेल रुजला आहे. त्याचं नाव सांजोव्हेझे. इटलीतल्या टस्कनीच्या किआन्ती वाईनचा सारा जीव याच द्राक्षात.

नावाची फोड ‘ज्युपिटरचं रक्त’ अशी सांगतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सोदेरिनी या फ्लोरेन्सच्या लेखकाने त्याची नोंद केली आणि सोबत इशाराही दिला: वाईन उत्तम होते, पण हयगय केली तर व्हिनेगर. 2004 साली इटालियन संशोधकांनी डीएनए तपासून या द्राक्षाचे आईबाप जाहीर केले. एक टस्कनीतलं ओळखीचं चिल्येजोलो, दुसरं दक्षिणेकडचं, जवळजवळ विस्मरणात गेलेलं.

अकलूजमध्ये या द्राक्षापासून होणाऱ्या वाईनचं कूळ शोधायचं तर मात्र एका बंडाशी थांबावं लागतं. 1872 साली टस्कनीच्या बारोन रिकासोली यांनी किआन्तीसाठी सांजोव्हेझेचं मिश्रण सुचवलं. लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडं पांढरं द्राक्षही त्यांना चालत होतं. 1967 च्या इटालियन कायद्याने ही सवलत सक्ती करून टाकली. मग वाईन करणाऱ्या आंतिनोरी घराण्याने 1971 च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ नावाची वाईन काढली आणि 1975 पासून पांढरं द्राक्ष पुरतं वगळून सांजोव्हेझेला काबर्ने सोव्हिन्यों या फ्रेंच द्राक्षाची जोड दिली. कायद्याच्या लेखी ती साधी ‘टेबल वाईन’ ठरली. जगाने तिला डोक्यावर घेतलं.

हीच जोडी अकलूजला आली. ती आणणाऱ्या वाईनरीचं नाव फ्रातेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये ‘भाऊ’. 2007 च्या सुमारास तीन घरच्या भावांच्या जोड्या एकत्र आल्या: इटलीचे सेची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाईन घडवायला टस्कनीहून पिएरो मासी आले. तीन जोड्या आणि मासी मिळून सात माणसं. त्यांच्या मानाच्या लाल वाईनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. सांजोव्हेझे आणि काबर्नेची ही वाईन ओकच्या पिंपांत मुरते. तिचा पहिला हंगाम 2009 चा.

द्राक्ष तेच, पण त्याचं वर्ष इथे पार बदललं. टस्कनीत वेल थंडीत झोपतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते आणि ऐन वेळच्या पावसाची धास्ती असते. सोलापूरच्या उन्हात वेल झोपतच नाही. त्याचं वर्ष कात्री ठरवते. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोडणी जानेवारीपासून पुढे, कोरड्या हवेत. खायच्या द्राक्षाचा बागायतदार मणी फुगवायला घड जीए या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतो. वाईनवाल्याला फुगलेला मणी नको, कारण रंग आणि टॅनिन असतं सालीत. मणी जितका बारीक, तितका रसाला सालीचा वाटा जास्त. पिढ्यान्‌पिढ्या टपोऱ्या मण्यावर भाव ठरलेल्या मुलखात बारीक मणी जपणं हे मोठंच धाडस, आणि त्याचं कौतुक व्हायला हवं.

टॅनिन म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत मांस असलं की त्याची धार बोथट होते. फ्लोरेन्सचे लोक याच हिशेबाने जाड बीफस्टेक निखाऱ्यावर भाजतात. आपल्याकडे त्याची जागा मटणाच्या सुक्याची: काळा मसाला, भाजलेलं खोबरं, थोडी चरबी सुटलेली, शेजारी ज्वारीची कडक भाकरी. सांजोव्हेझेला आंबटपणाही भरपूर, त्यामुळे टोमॅटोच्या रश्शापुढे ती फिकी पडत नाही. शाकाहाऱ्यांनी भरली वांगी करावीत. दाण्याच्या कुटातलं तेल मांसातल्या चरबीचंच काम करतं.

झणझणीत तांबडा रस्सा मात्र तिच्यासोबत घेऊ नये. मिरचीच्या जाळाने टॅनिन अधिक बोचतं आणि अल्कोहोल घशाला लागतं. रस्सा आणि वाईन दोन्ही वाया जातात. काजू-खोबऱ्याचा पांढरा रस्सा चालेल.

लाल वाईन ‘घरच्या तापमानाला’ प्यावी असं म्हणतात, ते युरोपातल्या थंड घरांपुरतं, सोळा ते अठरा अंशांचं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये बाटली आधी फ्रिजमध्ये गार करून घ्या.