वर्धा नदीपलीकडची भाजी

माझ्या आजीचं माहेर वरोऱ्याचं. मारेगावहून वणीमार्गे निघालं की वर्धा नदी ओलांडायची, जिल्हा बदलतो आणि थोड्या वेळात वरोरा. तिच्या लहानपणी गावाबाहेर 'आनंदवन' नावाचं काहीतरी सुरू झालं होतं. 1949 साली बाबा आमटेंनी कुष्ठरुग्णांना घेऊन तिथं खडकाळ जमीन कसायला घेतली. भाजी पिकू लागली, पण वरोऱ्यात ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. आजीच्या घरीही नाही.

मग काय झालं, ते आजी एका वाक्यात सांगायची : "गोरे पोट्टे तिथंच जेवतात म्हने, अन् त्यायले काई होत नाई!"

हे गोरे पोट्टे कोण, हे शोधायला मला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष लागलं.

धागा थेट पहिल्या महायुद्धापर्यंत जातो. प्येर सेरेझोल हा स्विस इंजिनिअर. (आपल्या धंद्यातला माणूस इतिहासात असा भेटला की बरं वाटतं.) बाप स्वित्झर्लंडचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला, पोरगा मात्र सैन्यासाठीचा कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाणारा. युद्ध संपल्यावर, 1920 साली, त्याने फ्रान्समध्ये वेर्दँजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात शिबिर भरवलं. सोबत होता ह्युबर्ट पॅरिस, इंग्लंडचा क्वेकर. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या उपासनेला पुरोहित नसतो, सगळे गोल करून शांत बसतात, ज्याला आतून सुचेल तो बोलतो. युद्धाला नकार आणि माणसांत उच्चनीच न मानणं, ही त्यांची पक्की भूमिका. शिबिरात जर्मन तरुणही होते. कालचे शत्रू फावडं घेऊन पाडलेलं गाव उभं करत होते. ते गावाला पचलं नाही, आणि काही महिन्यांत त्यांना निघावं लागलं. म्हणजे पहिलाच प्रयोग तसा फसला. पण त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना घडली. सेरेझोल पुढे स्वतःही क्वेकर झाला.

15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो मुझफ्फरपूरकडे आला. गावं नव्याने वसवायच्या कामात त्याने आणि सोबत्यांनी हात घातला. 1950 च्या दशकात याच संघटनेचे स्वयंसेवक आनंदवनात पोचले. त्यांनी रुग्णांसोबत विटा वाहिल्या, इमारती उभ्या केल्या आणि तिथल्याच भाजीवर जेवले. कोणी प्रवचन दिलं नाही. वरोऱ्याने हे सगळं लांबून पाहिलं. हळूहळू भाजी बाजारात खपू लागली.

मला वाटतं, बाबांच्या पुढच्या शिबिरांची एक मुळी इथं असावी. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मूलजवळच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, जंगलाच्या कुशीत. हिल स्टेशनच्या समर कॅम्पशी तिचं नातं नाही. सेवाग्रामचा श्रम, गांधी-विनोबा हे सगळं तिच्यात आहेच, तेव्हा ती क्वेकर छावणी म्हणता येणार नाही. पण एकत्र राबायचं, एका पंगतीत बसायचं, आणि धर्म-जात-भाषा विचारायची नाही, ही रीत मला ओळखीची वाटली.

मी गेलो तेव्हा पहाटे उठून खोदकाम. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत हाताला फोड आले. शेजारी कुष्ठरोगातून बरे झालेले एक काका बोटं झडलेल्या हाताने घमेलं उचलत होते. मला मदत करायची होती, पण ते माझ्यापेक्षा वेगात होते. दुपारी पंगतीत त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. खरं सांगायचं तर क्षणभर मी हात आखडला. 2010 नंतर, कुष्ठरोग बरा होतो हे पाठ असलेला इंजिनिअर पोरगा. काकांना ते दिसलं असणार. ते काही बोलले नाहीत, पुढच्या ताटाकडे वळले.

घरी आल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला, "जेवला का तिथं?"

"हो," मी म्हटलं, आणि आखडलेल्या हाताचं सांगून टाकलं.

आजी म्हणाली, "माया बापानं तर सहा महिने आखडला होता."