तळटीप ७ : ‘दहा पीपीएम जीए’

७. दहा पीपीएम जीए : पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, पातळ द्रावणात लिटरला एक मिलिग्रॅम. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या (स्थापना १९९७) जीएविषयक शिफारशी याच मापात असतात. जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल, पाण्यात सहज विरघळत नाही. ते आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवतात. १ ग्रॅम शुद्ध जीएचे पाणी घालून १ लिटर केले की मूळ द्रावण १,००० पीपीएमचे होते. १० पीपीएमच्या २०० लिटर फवारणीसाठी (१० × २००) ÷ १,००० = २ लिटर मूळ द्रावण घ्यावे आणि पाण्याने एकूण २०० लिटर करावे. पावडर ९० टक्के शुद्ध असल्यास १ ग्रॅमऐवजी १.११ ग्रॅम घ्यावी. – संपादक