परळची संशोधनपरंपरा

आरोग्यशास्त्रात संशोधन करून विद्यापीठाची उच्च पदवी संपादन करण्याची जी वाट मुंबईत रुळली, तिचा उगम १८९६ साली मांडवी भागात उद्भवलेल्या प्लेगच्या साथीत शोधावा लागतो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईस दाखल झाले, तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, लगतचा सोपा आणि दिमतीस एक कारकून व तीन शिपाई, एवढाच सरंजाम त्यांच्या वाट्यास आला. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. त्या थेंबांच्या तळाशी प्लेगच्या जंतूंचे धागे झुंबराच्या लोलकांसारखे लोंबू लागले की कुपी हलवून ते खाली झाडायचे आणि नवे धरू द्यायचे. अशा रीतीने जंतू वाढवून, उष्णतेने ते मारून त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच देहात टोचून घेतली.

१८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात गेली. १९२५ पासून ती हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९२६ च्या सुमारास वैद्यकीय महाविद्यालयासह के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय याच परिसरात उभे राहिले, आणि रोगी, अध्यापक व प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आली.

या सान्निध्याचे मोल डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी पुरते ओळखले होते. विकृतिशास्त्राचे हे व्यासंगी आचार्य टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख असता त्यांच्याकडे कमल रणदिवे संशोधनासाठी आल्या. त्या वैद्य नव्हत्या. पुण्यात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून त्यांनी एम. एस्सी. मिळवली होती. पेशीचे अंतरंग जाणणाऱ्या या विदुषीस कर्करोगाच्या संशोधनाचे दार उघडले, आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस पीएच. डी. दिली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या हाताखाली ऊतिसंवर्धनाची विद्या आत्मसात करून त्या मायदेशी परतल्या आणि १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्या विद्येची प्रयोगशाळा उभारली.

वनस्पतिशास्त्राची पदवीधर आणि विकृतिशास्त्राचा आचार्य यांची अशी गाठ पडली, याचे श्रेय दोघांच्या बुद्धिमत्तेइतकेच त्या स्थानासही आहे. म्हणून आरोग्यशास्त्रात संशोधनाची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास, मग तो वैद्य असो वा नसो, माझे आग्रहाचे सांगणे आहे की, प्रबंधाचा विषय विद्यापीठाच्या दफ्तरी नोंदवण्यापूर्वी काही महिने रुग्णालयात घालवावेत, रोग्यांची गाऱ्हाणी स्वतःच्या कानांनी ऐकावीत आणि मगच आपला प्रश्न निश्चित करावा.